सहाव्या चौकटीतलं दार

बहात्तराव्या वर्षी कुणी आपल्याला 'लेजंड' म्हणालं, तर माणसानं आधी आपला रक्तदाब तपासावा आणि मग म्हणणाऱ्याचा हेतू. मी दोन्ही तपासलं नाही. मला आवडलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर लोक मला 'मास्तर' म्हणाले, 'मथुराचे यजमान' म्हणाले, बसमध्ये कंडक्टरनं 'ए अज्जा, पुढं सरक' म्हणून ढकललंसुद्धा. लेजंड कुणी म्हणालं नव्हतं. तेव्हा कोरमंगलातून फोन आला आणि पलीकडचा पोरगा पुणेरी मराठीत म्हणाला, "सर, तुम्ही लेजंड आहात," तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि उभ्यानंच त्याला हो म्हणून बसलो.

मी नागोजीराव. बसवनगुडीत राहतो. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर बंगळुरात आले, असं आमच्या समाजातलं प्रत्येक घर सांगतं. एवढे सगळे घोड्यावर होते, तर शहाजीराजांकडे पायदळ होतं की नाही, अशी मला लहानपणापासून शंका आहे. मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आणि एकोणीस वर्षं एका कन्नड बालसाप्ताहिकात 'अंचे अण्णा' नावाची चित्रकथा काढली. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं.

अंचे म्हणजे टपाल. अंचे अण्णा हा पोस्टमन. खाकी कपडे, सायकल, छत्री. पत्रं वाटता वाटता तो चोर पकडायचा. हत्यार एकच, पोस्टाचा शिक्का. चोर सापडला की अण्णा त्याच्या कपाळावर तारखेसकट शिक्का उठवायचा. शाई आठवडाभर निघायची नाही आणि चोराची गावभर शोभा व्हायची. याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही आणि मुलांनी मागितली नाही. अण्णाचा नियमही एकच होता, दुसऱ्याचं दार आपण उघडायचं नाही. चोराचं घर असो की आमदाराचं, तो बाहेर उभा राहून 'अंचे!' अशी हाक मारायचा आणि थांबायचा.

त्याला मदत करायची महानंदा, पिठाची गिरणी चालवणारी. महानंदाचा चेहरा माझ्या बायकोचा, मथुराचा. मथुरा निपाणीची, तिचे वडील ज्योतिबा यांची तिथं गिरणी होती. लहानपणी गिरणीचा पट्टा तुटून लागल्याची खूण तिच्या डाव्या भुवईवर आजही आहे. मी ती खूणसुद्धा महानंदाला देऊन टाकली. नवीन लग्न झालेला माणूस दुसरं काय काढणार?

मथुरानं ते पान बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गल्लीतल्या बायका म्हणत्यात ही तूच. असू दे. पण एक गोष्ट मागते तुमच्याकडं. हिला जे काय करायचं ते दार लावून करू दे. हिला उघड्यावर आणू नका." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हा शब्द देणं सोपं होतं, कारण दार माझ्याकडे तयार होतं.

त्या दाराची गोष्ट अशी. त्या काळी चित्र छापायचं तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. आमची लग्नपत्रिका साप्ताहिकाच्याच छापखान्यात छापली होती. पत्रिका सासऱ्यांच्या नावाची, पण वरचं चित्र मी काढून त्यांना भेट दिलं होतं, त्यांच्या निपाणीच्या घराचं दार. दोन फळ्या, पितळी कडी, वर आंब्याच्या पानांचं तोरण आणि उजव्या फळीवर लाकडाची एक गाठ, बदामाएवढी. लग्न करून परत आलो तो गुरुवारी सकाळी, आणि पान गुरुवारी दुपारी द्यायचं. सहापैकी पाच चौकटी कशाबशा झाल्या. अंचे अण्णा दरोडेखोरांच्या अड्ड्यासमोर उभा होता आणि पुढं काय होतं ते माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात मथुरा होती.

छापखान्याचा फोरमन शिवकुमार मला कन्नडमध्ये 'मेष्ट्रे', म्हणजे मास्तर, म्हणायचा. त्यानं टेबलावर पडलेला पत्रिकेचा ब्लॉक उचलला, सहाव्या चौकटीत बसवला आणि म्हणाला, "मेष्ट्रे, मारामारी आत चाललीय असं समजा. मशीन थांबलंय." दरोडेखोरांच्या अड्ड्याला आंब्याचं तोरण कसं, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही. पण पुढच्या आठवड्यात मुलांची पोतंभर पत्रं आली, आत काय झालं म्हणून. संपादक खूष झाला. मग मारामारी आली की दार. महानंदा अण्णाला कॉफीला बोलावते, तरी दार. मला सर्दी, घरी पाहुणे, शाळेच्या परीक्षा, लगेच दार. एकोणीस वर्षं एकच ब्लॉक. थोडक्यात, माझ्या नावावरची सगळ्यात प्रसिद्ध चौकट ही माझी कल्पनाच नव्हती. ती शिवकुमारची घाई होती.

कोरमंगलातल्या ऑफिसात मला बसायला खुर्ची दिली नाही. शेंगदाण्याच्या पोत्यासारखं काहीतरी दिलं. त्यात मी बसलो म्हणण्यापेक्षा बुडालो. समोरच्या पोत्यात अभिराज, फोन करणारा पोरगा. हाच मालिकेचा दिग्दर्शक. वय असेल तेहतीस. त्यांच्या कंपनीनं साप्ताहिकाच्या मालकाच्या नातवाकडून सगळ्या जुन्या चित्रकथांचे हक्क घेतले होते. मला फक्त 'सल्लागार निर्माता' म्हणून सही करायची होती, आणि लेजंड व्हायचं होतं.

"सर, आपला शो म्हणजे ॲक्च्युअली त्या दाराच्या मागे काय घडलं त्याचा शो आहे," अभिराज म्हणाला. "तुम्ही जे दाखवू शकला नाहीत, ते आम्ही दाखवणार. फुल डार्क."

डार्क हा शब्द त्यानं इतक्या वेळा वापरला की मला वाटलं दिवे गेले. दिवे खरंच मंद होते. त्या उजेडात मला ना पटकथा वाचता येत होती ना माणसं नीट दिसत होती, आणि या लोकांना रक्त कसं दिसणार, याची काळजी लागली.

मग रक्षिता आली. ही त्यांची संशोधन करणारी, मुलगी म्हैसूरची, डोळ्याखाली काळं, हातात लॅपटॉप. तिनं जुने अंक कुठल्याशा वाचनालयातून शोधून काढून सगळी दारं मोजली होती. सहाशे बारा. एवढी निघाली हे मलाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक दारापुढे तिनं रकाना केला होता: हिंसा, संभोग, दोन्ही.

"दोनशे चौदावं दार मला सगळ्यात डिस्टर्बिंग वाटतं, सर," ती म्हणाली. "ते मी 'दोन्ही'मध्ये टाकलंय. बरोबर आहे ना?"

तिनं तो अंक दाखवला. तारीख बघून मला आठवलं. त्या आठवड्यात मला गालगुंड झालं होतं.

"आणि तोरणात सव्वीस पानं आहेत," ती पुढं म्हणाली. "ते सव्वीस बळी आहेत, अशी फॅन्समध्ये थिअरी आहे."

"सर, तुम्हाला त्या वेळी गप्प बसवलं गेलं ना?" अभिराजनं आवाज हळू केला. "इमर्जन्सीमध्ये?"

आणीबाणी संपून चार वर्षं झाल्यावर ते दार पहिल्यांदा छापलं गेलं. हे सांगायला तोंड उघडायचं होतं. पण समोर दोन शिकलेली मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जशी माझ्याकडे माझ्या बापानंही कधी बघितलं नाही. बंगळुरात मान अशी हलवता येते की तिच्यातून हो आणि नाही दोन्ही निघतात. मी ती हलवली. रक्षितानं लगेच काहीतरी टाइप केलं.

पहिल्या भागाची पटकथा मी घरी नेऊन, दिव्याखाली धरून वाचली. अंचे अण्णा आता छत्री पावसासाठी बाळगत नव्हता. छत्रीच्या काडीनं काय काय करता येतं, याचं वर्णन मात्र अडीच पानं होतं. शिक्का तापवून लाल करायचा आणि कपाळावर दाबायचा, त्याचा चर्र असा आवाज तीन वेगवेगळ्या कोनांतून. दरोडेखोराचा हात गिरणीत. आणि नवव्या पानावर महानंदा गिरणीत, पिठाच्या ढिगात, अंचे अण्णाबरोबर, अंगावर पिठाशिवाय काही नाही. खाली टीप: 'पीठ स्लो मोशनमध्ये उडते.' गव्हाचं पीठ असं उडवायचं नसतं, खायचं अन्न आहे, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार. दुसरा विचार आला तेव्हा मी पटकथा पालथी घातली, कारण मथुरा चहा घेऊन येत होती.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून अभिराजला विचारलं, "शिक्का तापवायचा कशाला? शाई असते की."

"सर, शाई फॅमिली-फ्रेंडली वाटते."

"पण मुलं बघणार न हे?"

"तुमची मुलं आता पन्नाशीची झाली, सर. त्यांना ईएमआय आहेत, डिव्होर्स आहेत. त्यांना शिक्का नकोय, ट्रॉमा हवाय."

"आणि महानंदाचं ते... पिठातलं? ते जरा दार लावून केलं तर?"

अभिराज मनापासून हसला. "सर, यू आर टू क्यूट! अहो, तेच तर आपलं युनिक सेलिंग पॉइंट आहे. आणि काळजी करू नका, सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर असणार. कोण कुठं हात ठेवणार, किती वेळ, सगळं ती बघते."

आमच्या वेळी हे काम सासू करायची. पण मी ते बोललो नाही. मी 'सरी' म्हणालो, म्हणजे 'बरं'. आमच्या लोकांचा हा जुना रोग. मनात 'बेडा' असलं, नको असलं, तरी समोरच्याला वाईट वाटेल म्हणून 'सरी' म्हणायचं, आणि सहीची जागा बोटानं दाखवली की तिथं सही करायची. मी केली. वर लफ्फेदार केली, लेजंडनं करावी तशी.

त्यानंतर त्यांनी माझी मुलाखत घेतली. मागे काळा पडदा, चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर उजेड. "ते दार म्हणजे माझा निषेध होता," मी म्हणालो. कशाचा ते विचारलं नाही, बरं झालं. दोन लाख लोकांनी ती मुलाखत इंटरनेटवर पाहिली. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये ज्यांनी मला आजवर फक्त लग्नाच्या फलकावर वधूवरांची नावं रंगवायला बोलावलं होतं, ते आता शेजारी बसवून घ्यायला लागले.

मथुराला मी सांगितलं होतं, "मुलांसाठी कार्टून करतायत." ती इतकी हरखली की दर मंगळवारी त्या ऑफिसातल्या पोरांसाठी डबाभर कडबोळी द्यायला लागली. पोरं दुपारभर कडबोळी खात खात पडद्यावर रक्ताचे नमुने बघायची, कुठलं जास्त खरं वाटतं म्हणून. रिकामा डबा घेऊन घरी येताना मला लाज वाटायची. पण लाज आणि मान एकाच डब्यात आले की माणूस झाकण लावून टाकतो. मीही लावलं.

संक्रांतीला ते उघडलं. आमच्या गल्लीत त्या दिवशी बायका एळ्ळु-बेल्ल वाटायला घरोघर जातात, तीळ, गूळ, खोबरं, उसाची कांडी. मथुरा शेजारच्या धनलक्ष्मीकडे गेली होती. तिथं पंधरा-वीस बायका, आणि धनलक्ष्मीच्या सुनेच्या फोनवर त्याच सकाळी आलेला टीझर. तोरणाचं दार लाथेनं फुटतं, आतून लाल पाणी वाहत येतं, आणि पिठात माखलेली एक बाई मान वळवून बघते. तिच्या डाव्या भुवईवर खूण.

"अक्का, हे तुम्हीच न? पुस्तकातली महानंदा?" धनलक्ष्मीनं विचारलं. ती काही वाईट बाई नाही. तिला खरंच कौतुक वाटलं होतं.

हे मला मथुरानं सांगितलं नाही. धनलक्ष्मीनं नंतर कुंपणावरून सांगितलं. मथुरा घरी आली ती ताट ओट्यावर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतलेला, तिचे वडील गेले होते तेव्हा घेतला होता तसा.

"कार्टून म्हणाला हुतासा तुम्ही."

"मथुरा, स्वल्प ऐक तरी. हक्क त्यांच्याकडं आहेत. मी नाही म्हटलं असतं तरी—"

"म्हटलं हुतासा काय?"

मी ओट्यावरच्या ताटाकडे बघत राहिलो.

"पंचेचाळीस वर्षांत एकच गोष्ट मागितली मी," ती म्हणाली. "साडी न्हाई, सोनं न्हाई. तेवढं एक दार."

ती मधल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आवाजही केला नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दहा दिवस ते दार तसंच होतं. ती स्वयंपाक करायची, देवपूजा करायची, माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची. काम झालं की आत जायची आणि दार लोटून घ्यायची. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायचो. दिवसातून तीनदा त्या दारासमोर जाऊन उभा राहायचो. सहाशे बारा बंद दारं छापून आणलेला माणूस मी, पण बंद दाराच्या बाहेर उभं राहिलं की कसं वाटतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंचे अण्णाच्या तोंडावर मी त्या वेळी नेहमी हसू काढायचो. किती मूर्ख होतो.

पाचव्या दिवशी मी कपाट उपसलं आणि आमची लग्नपत्रिका शोधून काढली. पिवळी पडली होती. तिच्याकडे बघत असताना मला एक गोष्ट कळली. साप्ताहिकाचे हक्क त्यांनी घेतले होते. पण दार साप्ताहिकाचं नव्हतंच. ते लग्नपत्रिकेचं होतं. त्यांची सगळी मालिका, पोस्टर, टीझर त्या एका दारावर उभी, आणि ते दार त्यांचं नाही. मथुरा सोडली तर हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. शिवकुमार देवाघरी गेला, म्हणजे उरलो मी. मी बोललो तर महानंदा वाचत होती. पण मी बोललो तर मी लेजंड राहत नव्हतो. मग मी एक ड्रॉइंग मास्तर, ज्यानं वेळेवर पान दिलं नाही. मुलाखत खोटी, निषेध खोटा, मान हलवली तीसुद्धा खोटी. एवढं समजून घ्यायला एक मिनिट लागलं. ठरवायला उरलेले पाच दिवस लागले. ते पाच दिवस मला अजून माझ्याच घरात टोचतात.

शनिवारी सकाळी अकराला इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये मालिकेच्या उद्घाटनाचा सोहळा होता. तीनएकशे लोक. बहुतेकांचे केस पांढरे, अंगात काळे टी-शर्ट, त्यावर आमचं निपाणीचं दार. स्टेजवर खरोखरचं दार उभं केलेलं, तोरणासकट, पानं मोजून सव्वीस. फीत कापायच्या ऐवजी मी ते दार उघडायचं होतं. उघडलं की आतून चाळीस लिटर लाल पाणी सुटणार आणि मागोमाग पिठातली महानंदा येणार. पाणी सोडणारा माणूस दारामागे लपून माझ्या हाताकडे बघत होता.

"लेडीज अँड जेंटलमन, द मॅन बिहाइंड द डोर!" अभिराज माइकवर ओरडला.

मी दारापाशी गेलो. कडीला हात लावला नाही. माइक घेतला, आणि आधी कन्नडमध्ये, मग अभिराजसाठी मराठीत, सगळं सांगून टाकलं. लग्न, गुरुवार, पाच चौकटी, शिवकुमार. आणीबाणीचा संबंध नाही. निषेध कसलाही नाही. दोनशे चौदावं दार म्हणजे गालगुंड. शेवटी खिशातून पत्रिका काढून वर धरली.

मग मागच्या रांगेतला एक जण टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, हाही शोचाच भाग आहे. "सो मेटा!" तो म्हणाला. बाकीचेही वाजवायला लागले.

रक्षिता मात्र स्टेजवर चढली. तिनं पत्रिका हातात घेतली, फोनवरचं चित्र तिच्या शेजारी धरलं आणि उजव्या फळीवरची गाठ बघितली. बदामाएवढी. पोरीचा चेहरा उतरला. सहाशे बारा दारं मोजली होती तिनं.

"मग आत काय होतं, सर?" तिनं विचारलं. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न सरळ कुणीच विचारला नव्हता.

"आत माझे सासरे होते," मी म्हणालो. "पाय गरम पाण्यात घालून बसलेले. गिरणीत दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजायचे. बाजूला मथुरा, त्यांना दिवसाचा हिशोब वाचून दाखवत. बस, एवढंच."

रक्षितानं लॅपटॉप उघडला नाही. तिनं पत्रिका दोन्ही हातांनी मला परत दिली.

एव्हाना कंपनीचा वकील, प्राणेश, रक्षिताच्या खांद्यावरून पत्रिकेच्या खालच्या ओळी वाचून स्टेजमागे अभिराजच्या कानाशी लागला होता. मी बोलताना हात हलवला असणार, कारण दारामागच्या माणसानं तोच इशारा समजून पाणी सोडलं. दार उघडलंच नव्हतं. लाल पाणी फटीतून, खालून, चहूबाजूंनी निघालं आणि प्राणेशच्या बुटात शिरलं.

"सर, चित्र तुमचं ना? मग नवीन ॲग्रीमेंट करू," बुटातलं पाणी झटकत तो म्हणाला. "आत्ता सही करा."

"माझं नाही," मी म्हणालो. "सासऱ्यांना भेट दिलेलं. पत्रिका त्यांच्या नावानं निघाली. त्यांना एकच मुलगी. तिला विचारा."

कायद्यात हे कितपत बसतं, मला ठाऊक नाही. प्राणेशलाही नसावं. पण तीनशे फोन आमच्याकडे रोखलेले होते, त्यामुळे त्यानं पाहुण्यांच्या खोलीत बसून तिथल्या तिथं मथुराच्या परवानगीचा कागद तयार केला, पाकिटात घातला, वर मथुराचं नाव लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. अभिराज माझ्याशी बोलला नाही. नुसता बघत राहिला, जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा. मला त्याचं वाईट वाटलं. त्यानं माझ्यावर प्रेम केलं होतं, फक्त मी नसलेल्या माणसावर.

मेट्रोनं घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. मधल्या खोलीचं दार लावलेलं. मी चपला काढल्या, दारासमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि पंचेचाळीस वर्षांत स्वतःच्या घरात कधी मारली नव्हती ती हाक मारली.

"अंचे!"

आत पलंग करकरला. मग आवाज आला, "कुणाचं हाय?"

"तुझं. तुझ्या नावावर."

"खालनं सरकवा."

मी गुडघ्यांना नमस्कार करून खाली बसलो आणि दाराखालच्या फटीतून पाकीट आत सरकवलं. मागोमाग पत्रिका. आत कागद फाडल्याचा आवाज झाला. मी तिथंच जमिनीवर बसून आज काय काय झालं ते दाराला सांगितलं. टाळ्या सांगितल्या, रक्षिता सांगितली, प्राणेशचे बूट सांगितले. मुलाखतीतलं खोटं सांगितलं. ते पाच दिवस सांगितले, तेही लपवले नाहीत. "आता मी कुणी नाही, मथुरा," मी म्हणालो. "पुन्हा मास्तर."

मग फटीतून प्राणेशचा कागद बाहेर आला. सहीच्या जागी मथुरानं पेन्सिलीनं, शाळेतल्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'दार बंद राहील. पोरांचा डबा चालू राहील, नवीन कडबोळी केली की भरून देते.'

"आणि पत्रिका?" मी विचारलं.

"ती माझी हाय. ठेवून घेतली."

"बरं." मी उठायला लागलो. गुडघे उठू देईनात, म्हणून दाराच्या चौकटीला धरलं.

"अहो," ती आतून म्हणाली. "ह्या दाराला कडी कुठं हाय? दिवाळीत तुमच्याच हातनं मोडली, दुरुस्त करतो म्हणाला हुतासा. दहा दिवस नुसतं लोटलेलं हाय हे."

मी हात पुढं केला. दार खरंच नुसतं लोटलेलं होतं.